मानाची जोडी

"खाली उतर आधी!" म्हणत सोपानरावांच्या पुतण्याने परांचीच्या बांबूला लाथ घातली, तशी वर्षाली धावतच पुढे आली. वर नवरा ज्योतीराम, कडेवर लेक उत्कर्षा, हातात डबा. बांबूला बांधलेला काथ्या सैल पडलाय, हे तिला लांबूनच दिसलं होतं. तिने डबा खाली ठेवला आणि मोकळ्या हाताने तो बांबू घट्ट धरला.

ज्योतीराम आठवडाभर चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला असे आणि सुट्टीला या गावाच्या देवळामागच्या भिंतीवर जुन्या रीतीभाती रंगवी. दळण, बारसं, वासुदेव, सगळं गावाला आवडलं. बैलपोळ्यावर बिनसलं.

"म्या काय केलं, काका?" ज्योतीरामने वरून विचारलं.

"वेशीच्या तोरणाखालनं पयली जोडी कुनाची जाती? आमची! पणज्यापास्नं मान हाय आमचा," सोपानराव गरजले. "आन तू पुढं काढले रोहिदासचे बैल!"

ज्योतीराम बीडकडचा. मान असतो हे त्यालाही ठाऊक होतं; इथे तो कुणाचा, हे विचारायचं सुचलं नाही. गावात आता बैल होते ते फक्त रोहिदासच्या गोठ्यात, शर्यतीचे. तेच बघून त्याने काढले, कपाळावरच्या चांदासकट.

"तात्या, पुसू का?" पुतण्याने कुंचला चुन्यात बुडवला.

"पुसू नका," वर्षाली म्हणाली. "काका, तुमची जोडी कशी होती सांगा. तीच पुढे काढतील ते."

"पांढरीशुभ्र. खिलार."

"दोन्ही? आणि शिंगं?"

"एकाचं मोडकं व्हतं. डावं..." सोपानराव अडखळले. "न्हाई, उजवं का..." त्यांनी पुतण्याकडे पाहिलं.

"मी लई ल्हान व्हतो, तात्या."

सोपानरावांच्या जमिनीवर कंपनी उभी राहिली, त्याच साली जोडी गेली होती. पुतण्याच्या कुंचल्यातून चुना टपकत होता आणि वर्षालीची नजर त्याच्या हातावरून हलत नव्हती.

"उजवं." समोरच्या ओट्यावरून इंद्रायणीकाकूंचा, सोपानरावांच्या बायकोचा आवाज आला. "गव्हाणीला धडकून मोडलं. इकाया नेलं तवा यापाऱ्याला दिसू नये म्हनून तुमीच वर लाल हिंगूळ थापला व्हता. इसरला व्हय?"

सोपानरावांनी भिंतीकडे पाहिलं. मग पुतण्याला म्हणाले, "ठिव त्यो कुंचला."

ज्योतीरामने चांद झाकला, अंग पांढरं केलं. उजवं शिंग टोकाशी तोडलं. पुढचे बैल आता आपले राहिले नाहीत म्हणून उद्या रोहिदास भांडायला येईल, हे वर्षालीला दिसत होतं. पोर पेंगुळली तरी ती बांबू सोडून गेली नाही.

उन्हं कलल्यावर इंद्रायणीकाकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि भिंतीशी वाकल्या.

"काकू, रंग ओला आहे अजून!" वर्षाली पुढे झाली. ज्योतीरामने वरूनच मान हलवली: राहू दे.

काकूंनी पोळ्याला घालतात तसं पुढच्या बैलाच्या खुरांवर पाणी घातलं. पांढरा रंग ओघळून मातीत उतरला. त्यांनी पदराने एकेक खूर पुसला. पदर पांढरा झाला, खूर पुसट झाले.

मागे उभ्या सोपानरावांनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.