मागच्या वर्षी जाळलेली गाठ

काकांचं चष्म्याचं दुकान होतं आणि आपल्या नजरेचा त्यांना भारी अभिमान. गिऱ्हाईक पायरी चढलं की नंबर ओळखतो, असं सांगायचे. बायकोच्या यकृतात गाठ आहे हे मात्र त्यांना परवा कळलं, तेही तिनेच सांगितलं तेव्हा. आज तिला हॉस्पिटलात आणताना ते वाटभर धीर देत होते, खरं तर स्वतःलाच.

सोनोग्राफीच्या खोलीत काकू टेबलावर चढल्या, कुणी न सांगता डाव्या कुशीवर वळल्या आणि उजवा हात डोक्यावर घेतला. डॉक्टरीणबाईंनी गार जेल लावून यंत्र बरगडीखाली टेकवलं. त्या "श्वास" म्हणतात न म्हणतात तोच काकूंनी तो रोखलासुद्धा.

"शहाण्या पेशंट आहात," डॉक्टरीणबाई हसल्या. "मागच्या वर्षी जाळलेली जागा छान आहे. ही नवी गाठ तिच्या शेजारी, लहानच आहे. आजही तसंच. स्क्रीनवर बघत सुई आत घालायची नि जाळून टाकायची."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी भिंतीकडे.

मागच्या वर्षी काकू आठवडाभर लेकीकडे गेल्या होत्या, तिचं नवं घर लावून द्यायला. निदान काका तसं समजत होते. साखर कुठे, झाडू कुठे, असं रोज फोनवर विचारून त्यांनी काकूंचं डोकं खाल्लं होतं. म्हणजे ती सगळी उत्तरं हॉस्पिटलच्या खाटेवरून आली होती.

डॉक्टरीणबाई तयारीला बाहेर गेल्या, तेव्हा काकांना कंठ फुटला.

"लेकीला माहीत होतं?"

"तीच होती सोबत."

"आणि जावयाला?"

"हो."

"म्हणजे साऱ्या गावाला ठाऊक, नि नवऱ्याला पत्ता नाही! एवढा परका झालो मी?"

"परके कशाला? माझी साधी दाढ काढली, तर तुम्ही घर डोक्यावर घेतलंत. मीच तुम्हाला पाणी देत बसले होते. माझी भीती मला पुरेशी होती हो, त्यात तुमची कुठे ठेवू?"

काकांना राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा रागच आला. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हिने आपला केसाने गळा कापला, आणि तोही किती सराईतपणे. तरी एक आशा चिवट होती. या खेपेला ती आपण होऊन त्यांच्याकडे आली होती.

"मग आज मला का आणलंस?"

खोटं बोलायचा काकूंनाही कंटाळा आला असावा.

"लेकीला रजा मिळाली नाही," त्या म्हणाल्या.