खाली करा

इंदूरच्या सुदामा नगरातल्या देवळामागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी शांताकाकूंचा मूर्तिकलेचा वर्ग भरे. काकू स्वतः कुठल्या आर्ट कॉलेजात गेल्या नव्हत्या. मल्हारगंजात त्या लहानपणी गौरीचे मुखवटे घडवत आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरचं कोरीव काम तासन्‌तास न्याहाळत. शिक्षण झालं ते एवढंच. आज तीन शाळांच्या अंगणात त्यांनी घडवलेले पुतळे उभे आहेत.

पुढे भट्टी लावायची होती, म्हणून त्या दिवशी काकू एकेक मूर्ती उचलून पाहत होत्या. वसुधाची उचलली आणि त्यांचं मनगटच वाकलं. वसुधा साताऱ्याहून नोकरीसाठी आलेली. गेल्या वर्षी गेलेल्या आईचा चेहरा तिने घडवला होता, ओठांच्या कोपऱ्यातल्या हसण्यासकट. ते हसू पुन्हा जमणार नाही, असं तीच म्हणे.

"मागच्या मंगळवारी मी खाली कर म्हटलं होतं ना?"

"केली की, बाई. टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवली."

वर्ग हसून लोळला. इंदूरच्या बायकांनी 'खाली' म्हणजे हिंदीतलं रिकामं असंच समजून आपापल्या मूर्ती आतून कोरल्या होत्या. वसुधाही हसली, पण भरीव मूर्ती भट्टीत फुटते हे कळताच तिने काकूंच्या हातातली मूर्ती आपल्याकडे घेतली. ओल्या फडक्यामुळे माती अजून मऊ होती. डोकं मागून तारेने कापायचं, आतून कोरायचं आणि पुन्हा जोडायचं, एवढाच उपाय होता. आईच्या डोक्यावर तार चालवायला तिचा हात धजेना.

काकूंनी सांगितलं, त्यांची पहिली गौर कुंभाराच्या भट्टीत फुटली होती, त्याच्या सगळ्या पणत्याही फोडून. "मला सांगायला कोणी नव्हतं. तुला मी होते, तर मी सांगितलं हिंदीत. चल, अंबाड्याखालून कापू. सांधा दिसणार नाही."

तार वसुधाने धरली आणि तिच्या हातांवर काकूंनी आपले हात ठेवले.

मूर्ती सुकल्यावर भट्टी लागली. उघडल्यावर काकूंनी आधी तीच मूर्ती काढून टिचकी मारली. टण्ण वाजली. हसू जागेवर होतं. वसुधा ती पोटाशी धरून हॉलभर हिंडली.

पुढच्या मंगळवारी काकूंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मूर्ती पोकळ करा'.

वर्गातल्या, मल्हारगंजात जन्मलेल्या मधुरिमाने फळ्याकडे बोट दाखवलं. "काकूजी, बाकी सगळं समजलं. पण हे पोकळ म्हणजे क्या?"

काकूंनी खडू वसुधाच्या हातात दिला. "घे बाई, आता तूच शिकव."