जोडप्याचा मान

शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागला तेव्हा यशश्री खाली स्कूटी लावत होती. हेल्मेट काढता काढता तिने वर पाहिलं, तर वरून ती स्वतःच हसत होती आणि शेजारी अनुपम. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: गणेशोत्सव, स्थापना पूजेचे यजमान, सौ. यशश्री व श्री. अनुपम आठल्ये. फोटो कुणाच्या तरी लग्नातला. त्यात अनुपमच्या हातात आइस्क्रीमची वाटी होती, ती फ्लेक्सवाल्याने सफाईने उडवली होती, त्यामुळे अनुपमचा हात नुसताच पुढे आलेला दिसत होता. नवरा-बायको म्हणून ते दोघं प्रत्यक्षात इतके टवटवीत कधी दिसले नव्हते. आणि एप्रिलमध्ये त्यांचा घटस्फोट झाला होता.

शाळेत ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. गोची नेमकी तिथेच होती.

हिंदी मुलखातल्या या शहरात, राइट टाउन भागातली ही शाळा मराठी मंडळाची. मुलं आता बहुतेक हिंदी बोलणारी, पण गणपती मात्र मंडळाच्या जुन्या रिवाजानेच बसतो. दर वर्षी नोकरीतल्या ज्येष्ठतेप्रमाणे एका शिक्षकाला पूजेचा मान मिळतो आणि तो जोडीने घ्यायचा असतो. त्याने सोवळं नेसायचं, तिने नऊवारी, आणि दोन पाटांवर शेजारी शेजारी बसायचं. पगारवाढीबद्दल वर्षानुवर्षं तोंड न उघडणारी माणसं मानाचा नंबर हुकला की थेट सेक्रेटरींच्या घरी भांडायला जातात. यशश्री इथे गणित शिकवायला लागली तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं. आता कुठे तिचा नंबर लागला, तर जोडी उरली नव्हती. देवालाही जरा वेळकाळ पाहता येऊ नये, याचा तिला मनापासून राग आला.

एप्रिलपासून ती गप्प होती, त्याला कारण प्रतिमा. प्रतिमा इथे संस्कृत शिकवायची. तिचा घटस्फोट झाला आणि तिने भाबडेपणाने स्टाफरूममध्ये सांगून टाकलं. थोड्याच दिवसांत तिच्याकडचा वर्ग काढून घेतला, तुम्हाला सध्या मोकळीक हवी म्हणून. पुढच्या सत्रात शाळेच्या कुंडमच्या शाखेत बदली केली, तिथे शांतता आहे म्हणून. सगळं अगदी साखर पेरून. रोज बसने जंगलातून जाऊन येऊन ती बिचारी थकली आणि वर्षभरात नोकरी सोडून गेली. तेव्हापासून स्टाफरूममध्ये 'कुंडम' म्हटलं की लोक आवाज खाली करतात. त्या गावाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही.

यशश्रीला कुंडमला जायचं नव्हतं. चेरीतालच्या माहेरी, जिथे ती आता राहत होती, आईला दुसरं कोणी नव्हतं. शाळेत दहावीचा वर्ग होता, तो तिने आठवीपासून स्वतःच्या हाताखाली घडवला होता आणि तो कुणाच्या हाती द्यायची तिची तयारी नव्हती. म्हणून गळ्यातलं काढल्यावर तिने 'तुटलं, सोनाराकडे दिलंय' असं सांगितलं. सोनार हे काम गेले कित्येक महिने करत होता.

त्या संध्याकाळी तिने आईला फ्लेक्सबद्दल सांगितलं. लतिकाबाई पालक निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"एवढी काहून घाबरून राहिली यशू? चार दिवस सुट्टी टाक. म्हणावं, अडचण आली. पूजेच्या दिवशी अडचण म्हटली की कोणी पुढचं विचारत नाही."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी परत अडचण."

"अच्छा. म्हणजे रिटायर होईपर्यंत मला अडचणच."

लतिकाबाईंना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "मी काय तुझ्या वाईटाचं सांगून राहिली का? लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? सांगितलंस की सगळे गोड बोलतील आणि तुला उचलून टाकतील तिकडे. प्रतिमाचं पाहिलंस ना."

यशश्रीने ते पाहिलं होतं. ती ताटं घेऊ लागली, तेवढ्यात अनुपमचा फोन आला. कुणीतरी त्याला फ्लेक्सचा फोटो पाठवला होता.

"फोटो छान आलाय," तो म्हणाला.

अनुपम वाईट माणूस नव्हता, हीच खरी पंचाईत होती. वाईट असता तर लोकांना सांगायला काहीतरी कारण असतं. तो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, आवाजसुद्धा चढवत नव्हता. तो फक्त नसायचा. घरात असूनही नसायचा.

"सुन ना यशू, मी येतो पूजेला. एका सकाळचा तर प्रश्न आहे. सोवळं पडलंय माझ्याकडे, प्रेस करून घेतो. तुझी नोकरी काहून धोक्यात घालायची?"

यशश्रीला क्षणभर हायसं वाटलं. इतकं सोपं होतं तर. एक सकाळ, दोन पाट, आरती, प्रसाद, आणि वर्षानुवर्षांची शांती. ती हो म्हणणारच होती.

"आणि कोणी काही विचारलं तर काय बोलायचं तेही ठरवून घेऊ," अनुपमला आता हुरूप आला होता. "मी म्हणेन, हिच्याशिवाय आमच्या घरात पान हलत नाही."

यशश्रीने हातातलं ताट खाली ठेवलं.

"अनुपम, माझ्या शाळेच्या गॅदरिंगला तू कधी आला होतास?"

"आता ते कुठून आलं?"

"माझ्या वर्गाचा निकाल राज्यात गाजला, सत्कार झाला, तेव्हा? आईचं ऑपरेशन होतं तेव्हा?"

"फॅक्टरीत ड्यूटी असायची. तुला माहीत आहे."

"आणि पूजेच्या दिवशी नाही?"

"सुट्टी टाकतो ना बाबा."

 लग्न होतं तोवर बोलावून, विनवून, रुसून हा माणूस आला नाही, आणि लग्न मोडल्यावर न बोलावता सुट्टी टाकून निघाला होता. वर इस्त्रीही करून घेणार होता.

"नको येऊस," ती म्हणाली. "खरा होतास तेव्हा आला नाहीस. आता खोटा काहून येतोस?"

फोन ठेवून तिने आईकडे पाहिलं. लतिकाबाई पालकाच्या काड्या उगाचच पुन्हा निवडत होत्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती सेक्रेटरींच्या खोलीत गेली. शशिकांतजी मंडळाचे सेक्रेटरी, निवृत्त अधिकारी, अत्यंत सभ्य माणूस. त्यांना कोणी कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं आणि त्यांच्या मनाविरुद्ध शाळेत कधी काही घडलंही नव्हतं.

"सर, पूजेला मी एकटीच बसेन," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "अनुपमचा आणि माझा एप्रिलमध्ये घटस्फोट झाला."

शशिकांतजी उठले आणि स्वतः जाऊन दार लावून आले.

"हे आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"शाळेत फक्त तुम्हाला. आत्ता."

"चलो, मग आपल्यातच राहू द्या." त्यांनी चष्मा पुसला. "मान यंदा तुमच्यानंतरच्या धनेशजींना देऊ. त्यांची मिसेस हौशी आहे."

"नंबर माझा आहे सर. नियम ज्येष्ठतेचा आहे. आणि मी काही अनुपमची बायको म्हणून इथे लागले नव्हते."

शशिकांतजींनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. गेली कित्येक वर्षं ही बाई मान खाली घालून पेपर तपासत असे. मग त्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

"ठीक आहे, बसा तुम्ही. आपण शेजारी सुपारी ठेवू. आमची इंदू गेली त्या वर्षी घरच्या पूजेला मीही सुपारी घेऊनच बसलो होतो, जोडीदार नसला तर शास्त्रात तशी सोय आहे. बाईमाणसाला चालते की नाही ते गुरुजींना विचारतो. चालेल, आजकाल सगळंच चालून राहिलं. लोकांना सांगू, अनुपमजी ड्यूटीवर आहेत."

"मी खोटं नाही सांगणार."

"तुम्ही नकाच सांगू. मी सांगेन." मग ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "यशश्रीजी, कुंडमला गणिताची जागा रिकामी आहे. तुम्हाला तिथे पाठवायला मला फार वाईट वाटेल."

ती बाहेर आली. सौदा वाईट नव्हता. मान मिळत होता, वर्ग राहत होता, घर राहत होतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं, आणि त्याची तिला एव्हाना चांगली सवय झाली होती. वर्गात तिने मुलांना एक उदाहरण दिलं आणि फळ्यावर स्वतःच चुकवलं. मुलांनी ते लगेच धरलं.

चतुर्थीच्या सकाळी सभागृह भरून गेलं होतं. मुलं सतरंजीवर, पालक खुर्च्यांवर, दहावीचा वर्ग शेवटी भिंतीला टेकून. यशश्री आईची जांभळी नऊवारी नेसून आली होती. लतिकाबाई 'मी काही येत नाही' म्हणत म्हणत पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. पाट दोन मांडले होते. शशिकांतजींनी माइक हातात घेतला, सगळ्यांचं हिंदीत स्वागत केलं आणि सांगितलं की आपले अनुपमजी ऐनवेळी ड्यूटी लागल्याने येऊ शकले नाहीत, त्यांना फार वाईट वाटतंय. लोकांनी सहानुभूतीने च्‌ च्‌ केलं. गुरुजींनी शेजारच्या पाटावर चिमूटभर तांदूळ घालून त्यावर सुपारी ठेवली आणि संकल्पासाठी माइक यशश्रीच्या तोंडापुढे धरला.

"यजमानांचं नाव, गोत्र?"

यशश्रीने सुपारीकडे पाहिलं. लग्नातसुद्धा अनुपमच्या गैरहजेरीची कारणं तीच देत आली होती: आज ड्यूटी आहे, आज डोकं दुखतंय, पुढच्या वेळी नक्की. लग्न संपलं, कोर्टाने शिक्का मारला, तरी त्याच्या नसण्याची कारणं द्यायचं काम संपत नव्हतं. आता ते शशिकांतजींनी हाती घेतलं होतं आणि तिने शेजारी बसून मान डोलवायची होती. ते काही तिला जमेना. तिने सुपारी उचलली आणि गुरुजींच्या तबकात परत ठेवली.

"गुरुजी, जो यायला हवा होता पण येऊ शकला नाही, त्याची सुपारी ठेवतात," ती म्हणाली. आवाज सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. "पत्नी गेल्यावर शशिकांतजींनी ठेवली होती, ती खरी होती. माझ्या शेजारी आज कोणी यायचंच नव्हतं. माझा घटस्फोट झालाय. अनुपम ड्यूटीवर नाहीत, ते आपल्या घरी आहेत आणि मी माझ्या."

अर्ध्या सभागृहाला मराठी नीट कळलं नव्हतं, म्हणून मग तिने तेच सगळं हिंदीत सांगितलं. कोणी मागे राहायला नको.

 लतिकाबाईंनी आधी पदर तोंडाशी नेला, मग तो खाली घेतला आणि ताठ बसल्या. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. त्यांना पुढे आणखी तीन गणपती बसवायचे होते.

"बेटी, मुहूर्त टळून राहिला. नाव-गोत्र सांग."

"यशश्री सुभेदार. भारद्वाज गोत्र." तिने माहेरचं नाव सांगितलं.

गुरुजींनी तिच्या तळहातावर पाणी घातलं. शशिकांतजी बाजूला उभे होते, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून. गुरुजींना दुसऱ्या हाताने जरा थांबवून यशश्री शशिकांतजींकडे वळली. माइक अजून तिच्या तोंडापुढेच होता आणि तो चालू आहे हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"सर, कुंडमची ती रिकामी जागा तुम्ही मला देणार म्हणत होतात, त्याचं आरतीनंतर बोलू," ती म्हणाली. "इथेच बोलू, सगळ्यांसमोर."

मग ती गणपतीकडे वळली आणि म्हणाली, "म्हणा गुरुजी."