चालता चालता तिसरं प्रकरण

सिस्टरबाईंच्या पायाला भिंगरी होती. वॉर्डात ती कामाला यायची, पण घरी तिनं पुरता घात केला होता. पन्नाशीला टेकल्यावर पीएचडीचं खूळ घेतलेलं, आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण सोमवारी गाइड मॅडमच्या टेबलावर गेलं नाही तर नाव कटणार होतं. विषय होता परिचारिकांचा थकवा. साहित्य घरातच मुबलक.

पण खुर्चीत बसलं की बाई लगेच उठायच्या. ओटा पुसायच्या, पंखा पुसायच्या, पुसलेला ओटा परत पुसायच्या. नवरा म्हणाला, घराचा आरसा झालाय, आता त्यात तोंड बघ. सासूबाईंना तर नुसतं बघून गरगरायला लागलं.

रविवारी दुपारी बाईंनी ड्रायव्हरकाकांना बोलावलं. विद्यापीठाच्या वाचनालयात पिकल्या केसांच्या विद्यार्थ्यांचं एक टेबल होतं, तिथली ही ओळख. काका जन्मभर बस चालवून आता इतिहासात एम. ए. करत होते. त्यांचं दुखणं उलटं, एकदा बसले की उठवत नसे.

"तुम्ही चाला," ते लॅपटॉप ओढत म्हणाले, "मी टाइप करतो. प्रवाशांनी गाडीत फेऱ्या मारलेल्या मला चालतात."

बाई दारापासून गॅलरीपर्यंत येरझारा घालत बोलत सुटल्या. रात्रपाळी, झोप, सुजलेले पाय. मध्येच सासूबाईंना औषधाची आठवण, मध्येच नवऱ्याला मोटर बंद करायला सांगणं. काकांची बोटं चालूच. ऊन कलेपर्यंत बाईंचा घसा बसला.

त्यांनी वाकून पडद्यावर पाहिलं. पानंच्या पानं भरली होती. 'सलग रात्रपाळीमुळे एकाग्रता कमी होते अहो मोटर बंद करा.' त्याखाली 'मला नाही जमत हे.' पुढच्या पानावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

"काका, हे कशाला लिहिलंत?"

"तुम्ही म्हणालात." काका चष्मा पुसत राहिले. "मीही म्हणतो. रोज. पण माझं कुणी टिपून घेत नाही."

बाईंना हसू आलं, मग डोळे भरले, मग पुन्हा हसू.

"हे सगळं खोडायला हवं."

"हवंच. त्याला मात्र बसावं लागेल." काका गुडघे धरून कण्हत उठले. "सरका. आता फेऱ्या माझ्या."

बाई बसल्या. मोटर खोडली, औषध खोडलं. मागे काकांच्या चपला दारापासून गॅलरीपर्यंत फटफटत होत्या, आणि सासूबाई आतून विचारत होत्या, आता हा कोण फिरतोय.