पाणी आलं

"पाणी आलं," निवेदिता मॅडम म्हणाल्या. तोंडापुढे त्यांनी भरतकामाची मोठी गोल रिंग धरली होती, तिच्यावर काळं कापड ताणून बसवलेलं. त्यांचा सगळा चेहरा त्यामागे झाकला गेला होता.

स्वरूपाने हातातलं बटण निळ्या वाटीत टाकलं. निळी म्हणजे सांगितलं, लाल म्हणजे विचारलं.

"पाणी आलं?"

पुन्हा निळी. मी कुरुळीत कारखान्याच्या प्रेस शॉपला आहे, पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या आवाजाने माझेही कान धड राहिलेले नाहीत. तरी मॅडमचा आवाज शेवटी वर गेलेला मला कळला.

स्वरूपा माझी मुलगी. चौथीत आहे. लहान असतानाच ऑपरेशन करून तिच्या कानात मशीन बसवलं. शब्द तिला ऐकू येतात, ती बोलतेही. सूर मात्र कळत नाही. कोणी विचारतंय की सांगतंय, प्रेमाने बोलतंय की वैतागून, सगळं तिला सारखंच. शाळेत बाई "झालं लिहून?" म्हणतात आणि ही अर्धवट वही मिटून ठेवते.

मागे इथेच दवाखान्यात मॅडमनी मशीनचं सेटिंग बदललं आणि घरी करायला सराव दिला. "चिनी भाषेत सूर बदलला की शब्दच बदलतो, दादा," त्या म्हणाल्या होत्या. "म्हणून अशा मुलांना सूर कळावा यासाठी तिकडे बरंच काम चाललंय. त्यातलं काही आपल्यालाही उपयोगी पडेल."

सराव माझी बायको वर्षाली घ्यायची. मोरीपाशी दोघी बसायच्या. "पाणी आलं." "पाणी आलं?" आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी. ते ऐकून शेजारच्या तानुबाई एकदा हंडा घेऊन नळावर पळाल्या आणि तशाच परत येऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"अगं ए मास्तरीणबाई, नळाला थेंब न्हाई! दुसरं कायतरी शिकव की. लाईट गेली म्हन."

"मग तुमी मेणबत्ती घेऊन पळताल, मावशी."

स्वरूपा सगळं बरोबर ओळखायची. मी शिफ्टवरून आलो की वर्षाली मला करून दाखवायची. "बघा. तुमच्यापेक्षा लेकीचे कान बरे हायेत."

पावसाळा संपता संपता वर्षाली डेंग्यूने गेली. त्यानंतरची ही पहिली तपासणी. वर्षालीने केलेलं वाया गेलं नाही, एवढं मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

मॅडमनी रिंग खाली ठेवली. "निम्मी बरोबर आलीत."

"निम्मी म्हंजे चांगलंच की, मॅडम."

"वाट्या दोनच आहेत, दादा. डोळे मिटून टाकली तरी निम्मी बरोबर येतात."

"घरी सगळी बरोबर यायची ओ. थांबा, व्हिडिओ हाय माझ्याकडं."

मी फोन टेबलावर उभा केला. वर्षालीने ओढणी नाकापर्यंत धरली होती. ओठ दिसू द्यायचे नाहीत असं मॅडमनी बजावलं होतं, ते तिने पाळलं होतं. "पाणी आलं?" स्वरूपाने बटण लाल वाटीत टाकलं. "पाणी आलं." निळ्या. पुन्हा लाल. सगळी बरोबर. मी मॅडमकडे बघितलं. त्या वर्षालीकडे बघत होत्या.

मग मीही बघितलं. विचारताना वर्षालीच्या भुवया वर जात होत्या, मान जराशी पुढे येत होती. सांगताना भुवया खाली. ती गेल्यापासून हा व्हिडिओ मी रोज बघत होतो. मला ते कधी दिसलं नव्हतं.

मॅडमनी फोन हळूच उलटा ठेवला. आवाज चालूच होता. "पाणी आलं?" वर्षाली विचारत होती. स्वरूपाचा हात बटण धरून दोन वाट्यांच्या मधे थांबला.

मॅडमनी व्हिडिओ बंद केला. "त्यांच्या लक्षात आलं नसणार. विचारताना आपण सगळेच भुवया उचलतो."

"मग आता?"

"सराव चालू ठेवा. पण चेहरा पूर्ण झाकून. काही मुलांना जमतं, उशिरा जमतं." त्यांनी दोन्ही वाट्या बाजूला सरकवल्या. "काहींना नाही जमत, दादा."

घरी परतताना भोसरीला आम्ही बस बदलली. स्वरूपा खिडकीशी बसली. मोशी मागे पडल्यावर ती बाहेर बघतच म्हणाली, "आई चुकली."

तिचं बोलणं सगळं एका पट्टीत असतं. स्वतःचा सूरही तिला ऐकू येत नाही. ती मला विचारत होती की सांगत होती, हे कळायला काही मार्ग नव्हता. तोंड काचेकडे होतं.

दोन्हीला माझं उत्तर एकच होतं, नाही. पण बसच्या खडखडाटात तिला ते ऐकू गेलं नसतं. तिने माझ्याकडे वळून बघावं म्हणून मी थांबलो. चिंबळी गेलं. आमचा कुरुळीचा फाटा आला तेव्हा तिचा डोळा लागला होता.