हॉर्ननंतरचा अर्धा तास

“आज घड्याळ ड्यूटीवर आलंय,” अप्पन्ना मास्तर शेजारच्या खाटेकडे तोंड करून पुटपुटले. “दुपारची बस गेली समजा.”

पुटपुटायला माझी हरकत नव्हती, पण त्यांचा हात माझ्याच हातात होता आणि मी त्यात सुई घालत होते.

“मास्तर, घड्याळाला कान असतात.”

“तुम्हाला नाही म्हटलं अक्का. भिंतीवरच्याला म्हटलं.”

“ते महिन्यापासून बंद आहे.”

मास्तर खिडकीबाहेरची नारळाची झाडं बघायला लागले.

डायलिसिसची दोन केंद्रं माझ्या देखरेखीखाली आहेत. हे समुद्राकडचं. माझा वार असला की इथे मशीनचे चार तास पुरे चार भरतात आणि लोकांची तोंडं वाकडी होतात. मी नसले की सगळं इथल्या नर्सकडे, सुगुणाकडे. सुगुणाची सुई दुखत नाही. तशी माझीही दुखत नाही, पण माझ्यासाठी कोणी घरून फणसाचे गरे आणत नाही.

आज माझा वार नव्हता. मी मुद्दाम आले होते, कोपऱ्यातल्या सिंहाचलमसाठी. जन्मभर नारळावर चढलेला हा माणूस, आणि आता खाटेवर चढताना धापा टाकत होता. घोट्यांवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा; मशीनने काढूनही अंगात पाणी साठत होतं. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, पैडम्माला, सगळ्यांदेखत झापलं. “नवऱ्याला पाणी किती पाजतेस? फुप्फुसांत शिरलं तर मला बोलवू नकोस.” काजू फोडून काळी पडलेली बोटं पदरात लपवून तिने मान खाली घातली. पलीकडे सुगुणानेही घातली. मी दोन्ही माना पाहिल्या आणि काय ते समजले.

तेव्हाच बोलता आलं असतं. पण सुगुणासारखा हात मला दुसरा मिळायचा नाही, आणि विशाखापट्टणचं एक मोठं हॉस्पिटल तिला केव्हाचं बोलावतंय. शिवाय मी ओरडले असते तर माझ्यासमोर चार तास भरले असते आणि माझी पाठ वळली की पुन्हा तेच. हे माझ्या तोंडून निघून उपयोग नव्हता. इतकी वर्षं नर्सेसना सांभाळतेय. कुठे जाऊन उभं राहिलं की कोणाचं तोंड उघडतं, एवढं मला कळतं.

म्हणून मी सिंहाचलमच्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसले.

साडेअकराला फाटकाशी बसचा हॉर्न वाजला. लगेच सगळ्या खाटांवर चुळबुळ, चपला शोधणारे पाय. ही बस चुकली की संध्याकाळपर्यंत दुसरी नाही. ड्रायव्हरशी माझं सकाळीच बोलणं झालं होतं: हॉर्न रोजच्यासारखा दोनदा वाजव, पण समोर बसून अर्धा तास निवांत चहा पी. पण हे मी इतक्यात कोणाला सांगणार नव्हते.

सुगुणा सवयीने आली आणि तिचा हात मशीनच्या बटणाकडे गेला. मी त्यावर माझा हात ठेवला.

“किती राहिलं?”

“अर्धा तास, अक्का.”

“मग?”

“बस आली ना…”

“अहो अक्का, अर्ध्या तासाने काय होतंय?” मास्तर तिकडून ओरडले. “अर्ध्या तासाने काय माणूस मरतो?”

एरवी मास्तरांच्या बोलण्यावर हशा पिकतो. आज कोणी हसलं नाही. सिंहाचलमचा श्वास तेवढा ऐकू येत होता, ओल्या पोत्यातून वारा जावा तसा.

मी खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या पैडम्माकडे वळले. “काल रात्री आडवा झाला होता का?”

“नाही. दाराला टेकून बसला होता. परवाही.”

“आणि पाणी किती प्याला?”

तोच, डॉक्टरांचा प्रश्न. तिने सुगुणाकडे पाहिलं. ही पोरगी तिच्या नवऱ्याच्या हातात सुई घालताना त्याला गोष्टी सांगते, उपाशी आलेल्या पैडम्माला आपल्या डब्यातली इडली देते.

बाहेर पुन्हा हॉर्न.

“गप बस हं,” सिंहाचलम बायकोला म्हणाला. “सुगुणा चांगली पोर आहे.”

“चांगली आहे म्हणूनच सगळे गप बसलेत!” पैडम्मा उठून उभी राहिली. काळी बोटं पदराबाहेर आली. “पाणी मी वाटीने मोजून देते, अक्का. तो मागतो, हात जोडतो, तरी वाटीवर थेंब देत नाही. तुमच्या डॉक्टरांना सांगा. पाण्याची चूक नाही. तुम्ही नसलात की सुगुणा अर्धा तास आधी मशीन बंद करते, आणि ती करते कारण आम्ही सगळे, मीसुद्धा, बससाठी तिच्या पाया पडतो.”