रोहिणीचा पिवळा पट्टा

“माझा पट्टा कुनी घेतला न्हाई ना?”

मित्रांनो, हा आवाज दारातून यायचा. चपला उंबऱ्याबाहेर पडायच्या आधी आवाज आत यायचा आणि त्याच्यामागून ती. तो आवाज मी कानांनी शेवटचा ऐकला, त्याला दहा वर्षं झाली. कानांनी म्हणते, पण मला कान कुठले? आणि शेवटचा म्हणते, तेही तितकंसं खरं नाही.

मी एक जुनी सतरंजी आहे. तिसगावच्या वाचनालयात, खिडकीखालच्या भिंतीला लागून माझी जागा. मला नगरच्या मोहियोद्दीनचाचांनी विणलं. जाड सूत, लाल आणि निळे पट्टे, आणि धागा धाग्यावर बसावा म्हणून लोखंडी पंजाचा ठोका. तो ठोका अजून माझ्या अंगात आहे. अकरा पट्टे झाले आणि लाल सूत संपलं. चाचांनी कोपऱ्यातली हळदीच्या रंगाची लड उचलली आणि बारावा पट्टा पिवळा घातला. मग माझ्यावरून हात फिरवत म्हणाले, “तुला डोळे दिले न्हाईत बेटी. पन कोन बसलं, ते तुला कळंल.”

तेव्हापासून मी तेच करत आले. मी माणसं वजनावरून ओळखते.

होळी आली की माझे खरे दिवस सुरू व्हायचे. वाचनालयाचे श्रीमंतनाना होळीपासून अखितीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुलांची वसंतवाचनाची बैठक भरवत. उन्हं कलू लागली की दार उघडायचं. पळसाची फुलं उकळून रंग करायचा, कागदाच्या चिमण्या करून सुतळीवर टांगायच्या, मग सगळ्यांनी माझ्यावर बसायचं आणि गोष्टीला सुरुवात. त्याआधी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं:

बसा बसा पाखरांनो,
चोच मिटा, पंख मिटा,
गोष्ट आली उन्हातून,
तिच्यासाठी जागा सोडा.

चाळीस-चाळीस मुलं माझ्यावर दाटीवाटीनं बसत. कुणी चुळबुळ्या, कुणी पेंगणारा, कुणी फुटाण्याची सालं माझ्याखाली सारणारा. गावचे लोक म्हणत, “नानांची सतरंजी म्हंजी पोरांची शेतीच.” मला फार बरं वाटायचं.

आमच्याकडे एक रीत होती. दसरा झाला की कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. आईबापांबरोबर मुलंही जातात. त्यांची पुस्तकं अर्धी राहतात. नानांनी कपाटाचा खालचा कप्पा त्या अर्ध्या पुस्तकांसाठी ठेवला होता. जाणाऱ्या मुलानं आपली खूण पानात घालायची, कुणी मोरपीस, कुणी काडेपेटीचं चित्र, आणि पुस्तक कप्प्यात ठेवून जायचं. ते परत येईपर्यंत त्या पुस्तकाला कुणी हात लावायचा नाही. आणि माझ्यावरच्या त्याच्या जागेवर कुणी बसायचं नाही. “गेलेल्याची जागा धरायची,” नाना सांगत. “मोकळी जागा दिसली की पोराला कळतं, आपली वाट बघत हुते.”

चांगलीच रीत होती, मित्रांनो. पण चांगल्या रितीलाही एखादा धागा उसवलेला असतो.

पिवळा पट्टा रोहिणीचा. रोहिणी दहा वर्षांची, गावाबाहेरच्या वस्तीवरची. मांडी घालून बसायची आणि वाचताना डावीकडे कलायची, उजेडाकडे. त्यामुळे तिचं वजन नेहमी डाव्या गुडघ्यावर जास्त. त्या दसऱ्याला ती एका सुगरण पाखराची गोष्ट वाचत होती. पाखराचं घरटं विहिरीवर लोंबतं, वादळ येतं, पिल्लू विहिरीत पडतं आणि सुगरण अंधारात खाली उतरते. एवढ्यात ऊसतोडीला नेणारा टेम्पो आला.

रोहिणीनं माझ्या कडेचा एक पिवळा धागा ओढून घेतला. मला चिमटा बसला, पण मी धागा सोडून दिला. तो धागा तिनं पानात घातला आणि पुस्तक छातीशी धरून नानांपुढे उभी राहिली.

“नाना, ह्ये मी संग नेऊ? जपीन.”

“न्हाई गं. फडातल्या पाचटाच्या कोपीत उंदीर, दव, चूल. पुस्तक राहील का तिथं? आणि वाचनालयाचं पुस्तक गावाबाहेर जात न्हाई.”

“मग शेवट तरी तोंडी सांगा. लई न्हाई, एवढुसा.”

नाना हसले. त्यांना मुलांची थट्टा करायची सवयच होती. “शेवट सांगितला तर तू परत कशाला येशील?”

रोहिणीही हसली. पुस्तक कप्प्यात ठेवून पळाली.

रोहिणीच्या घरचे ज्या साखर कारखान्याच्या तोडीवर गेले होते, तिथून संक्रांतीच्या बाजाराला एक माणूस आला. दारातच उभा राहून, डोक्यावरची टोपी हातात घेऊन त्यानं नानांना सांगितलं. कोपीत ताप आला. दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत उशीर झाला. रोहिणी गेली. तो माणूस निघून गेल्यावर नानांनी दार लोटलं आणि ते माझ्यावर येऊन बसले. एवढं जड वजन मी कधी पेललं नव्हतं.

त्या वर्षी रोहिणीचे आईबाप गावी परतलेच नाहीत, पुढची कितीतरी वर्षंही नाहीत. तिच्या आईला, बायडाबाईला, दिवस गेले होते, ती माहेरीच राहिली. त्या कारखान्यावर गावचं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे गावात मुलांना काही कळलं नाही. होळीला मुलं जमली आणि विचारलं, “नाना, रोहिणी कधी येनार?”

नाना म्हणाले, “येईल. जागा धरून ठेवा.”

मुलांनी जागा धरली. पाखरांचं गाणं म्हटलं. नानांनी गोष्ट सुरू केली आणि माझ्या पिवळ्या पट्ट्यावर कुणीतरी बसलं.

पहिल्यांदा मला वाटलं, वारा असेल. वारा सतरंजी उचलतो, दाबत नाही. मग वाटलं, मांजर असेल. मांजर चार पायांवर असतं. हे वजन मांडी घातलेलं होतं. हलकं, पीठ चाळलेल्या सुपासारखं. आणि डाव्या गुडघ्यावर जरा जास्त.

मी घाबरले, असं तुम्हाला सांगितलं तर हसाल. सतरंजीला कसली भीती? पण माझे ताणेबाणे गार पडले. गोष्ट संपेपर्यंत ते वजन हललं नाही. गोष्ट संपली आणि ते उठलं नाही; नुसतं विरळ होत गेलं, तव्यावरचं पाणी आटावं तसं.

दर वर्षी असं. होळीला यायचं, अखितीला जायचं. दर वर्षी मुलं विचारायची, “ही जागा कुनाची?” मोठी मुलं सांगायची, “रोहिणीची. ती येनार हाय.” रोहिणीला पाहिलेली मुलं कॉलेजात गेली, लग्नाला लागली, तरी जागा धरलेलीच. खिडकीतलं ऊन थेट त्या पट्ट्यावर पडतं, म्हणजे तो सगळ्यात आधी विटायला हवा होता. लाल विटला, निळा विटला, पिवळा मात्र आज विणल्यासारखा. झाडून घेतलं तरी माझ्यावर धूळ राहते. त्या पट्ट्यावर कधीच बसत नाही. आणि पाखरांचं गाणं म्हणताना शेवटच्या ओळीला एक आवाज जास्त लागायचा. मुलं एकमेकांकडे बघत. तो आवाज कुणाचा, हे कुणालाच सांगता यायचं नाही.

मग मुलं गळू लागली. चाळिसाची वीस झाली, विसाची अकरा. आया म्हणत, “त्या सतरंजीवर नगं बसू बाई.” मला कुणी उन्हात टाकेना, झटकेना. उंदरानं एक कोपरा कुरतडला. नाना म्हातारे झाले. मुलं गेल्यावर ते कपाटाच्या खालच्या कप्प्यासमोर उभे राहत, हात पुढं करत आणि मागं घेत. त्या कप्प्यात आता एकच पुस्तक उरलं होतं. माझा धागा त्यात होता ना, त्यामुळे मला कळायचं. आतून कुणीतरी तो धागा हळूच ओढतंय, असं वाटायचं. पान उलटायला बघतंय आणि उलटता येत नाही.

यंदा ऊस लवकर संपला, मुलं लवकर परतली, म्हणून नानांनी बैठकही होळीआधीच सुरू केली. होळीच्या तीन दिवस आधी नाझनीन एका नव्या मुलीला हाताला धरून घेऊन आली. नाझनीन आमच्यातली सगळ्यात धीट, तिचं तोंड कधी मिटत नाही. “नाना, ही ज्योती. वस्तीवर राहायला आलीय. हिला वाचायला येतं, पन लई हळू. बैलगाडीवानी.”

“तूच बैल,” ज्योती म्हणाली. सगळे हसले आणि त्या गडबडीत ज्योती जाऊन पिवळ्या पट्ट्यावर बसली.

कुणी काही म्हणायच्या आत पाखरांचं गाणं सुरू झालं होतं. शेवटच्या ओळीला ते वजन आलं. जागा एक आणि वजनं दोन. मित्रांनो, मी तेव्हा मोजलं ते नीट ऐका. ज्योतीनं उजवीकडे मान वळवली, जिथं कुणी नव्हतं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “सरक की थोडी.”

आणि ते वजन सरकलं.

नाझनीनचं गाणं तोंडातच राहिलं. सतरंजीवर आपसूक उमटलेली चुणी तिनं पाहिली, सगळ्यांनीच पाहिली. मग जी पळापळ झाली! चपला उलट्यासुलट्या, कागदाच्या चिमण्या पायाखाली. ज्योती एकटीच बसून राहिली. “काय झालं?” तिनं विचारलं. “तिला ऊन लागत हुतं का?”

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचे अध्यक्ष पुंजारामआबा आले. “नाना, पोरं तापानं फणफणलीत. आता बास. होळीत घाला ही सतरंजी. नवी चटई मी देतो, प्लास्टिकची, धुवायला सोपी.”

नाना नको म्हणाले नाहीत. मी त्यांच्या पायांकडे लक्ष दिलं, एका पायावरचं वजन दुसऱ्यावर जात होतं. मला कळलं, ते मला जाळू देणार. मी जळाले की काही सांगायची गरज उरणार नव्हती.

मला जळायचं भय नव्हतं. सुताचं आयुष्य ते केवढं. मला एकच चिंता लागली. मी जळाले, तर ती बसणार कुठं? परत ये म्हणून तिला सांगितलंय. ती येणार. दारातून विचारणार. आणि जागा नसणार.

होळीच्या दिवशी दुपारी मला गुंडाळून दाराशी उभं केलं. मुलं गोवऱ्या आणि लाकडं घेऊन दुरून बघत होती. तेवढ्यात ज्योतीला पुढं घालून एक बाई आली.

“नाना, वळखलं का? मी बायडा. वस्तीवरची. माझ्या पोरीनं म्हनं तुमची बैठक मोडली.”

नानांनी भिंतीला हात टेकला.

आबाच म्हणाले, “पोरीचा दोष न्हाई बाई. या सतरंजीतच खोड हाय. आज जाळूनच टाकतो.”

बायडाबाईनं माझ्या कडेला हात लावला. उसाच्या पात्यांनी चिरलेला हात, खरखरीत, ऊनऊन. “ही तीच व्हय? पिवळा पट्टा माझा हाय, म्हनून रोहिणी सांगायची घरी.”

नाझनीन पुढं आली. “तुमी रोहिणीच्या आई? मग ती कधी येनार काकू? आमी जागा धरलीय.”

बायडाबाई तिच्याकडे वळली. “कोन म्हनलं, येनार म्हनून?”

सगळ्या मुलांनी नानांकडे पाहिलं.

“ती गेली, पोरांनो,” बायडाबाई सावकाश म्हणाली. “दहा वर्सं झाली. ही ज्योती तवा पोटात हुती. तापात एकच म्हनत हुती बघा, पुढं काय झालं, पुढं काय झालं. मला वाटायचं, मलाच इचारतीय. मी म्हनायचे, काय न्हाई झालं माझे बाई, झोप.”

गोवऱ्या कुणाच्या तरी हातातून खाली पडल्या.

मित्रांनो, मला झटका, उन्हात घाला, कोपरा फाटला तर टाका घाला. जुन्या वस्तूंना एवढं पुरतं. पण कुणाची जागा धरून ठेवली असेल, तर ती का धरलीय ते एकमेकांना सांगत चला. न सांगितलेलं माणसाला वाटतं तितकं हलकं नसतं. मी दहा वर्षं ते अंगावर घेतलंय, मला विचारा.

नानांनी मला दारातून उचललं. आबा “अहो नाना” म्हणेपर्यंत त्यांनी मला खिडकीखाली अंथरलं होतं. कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं आणि पिवळ्या पट्ट्याच्या शेजारी, लाल पट्ट्यावर ते मांडी घालून बसले. पान उघडलं. माझा धागा तिथंच होता. कुणी गाणं म्हटलं नव्हतं, तरी ते वजन आलं. डाव्या गुडघ्यावर जरा जास्त.

नाना आधी बायडाबाईकडे वळले. “मला त्या संक्रांतीलाच कळलं हुतं, बाई. पोरांना मी खोटं सांगितलं. आन तिनं जाताना माझ्याकडं पुस्तक मागितलं हुतं, मी दिलं न्हाई. शेवट तोंडी मागितला, तोबी दिला न्हाई. थट्टा केली तिची.”

मग ते पिवळ्या पट्ट्याकडे वळले. तिथं ऊन होतं आणि उन्हात एक बारीक चुणी.

“रोहिणी, सुगरणीला पिल्लू सापडतं गं. घरट्याचा एक धागा विहिरीत लोंबत असतो, त्याला ते चोचीनं धरून बसलेलं असतं. दोघं वर येतात, सकाळ झालेली असते. एवढाच शेवट. तू मागितलास तवाच सांगायला पायजे हुता. आता सांगितला. आता तुला परत यायचं काम न्हाई, पोरी.”